काकाचा जामीन

सांगलीच्या कोर्टात काकाला जामीन मंजूर झाला तेव्हा शनिवारची दुपार होती, आणि आम्ही सगळे उगाचच हसलो. मी तेव्हा कॉलेजात होते, आईला सोबत म्हणून गेले होते. जामीन मंजूर होणं आणि माणूस सुटणं यांत केवढं अंतर असतं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

काका फौजी. रजेवर आला आणि उसाच्या पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याचं डोकं फोडून बसला. त्याचा हात जिभेच्या आधी चालायचा. सोमवारी सकाळी त्याला बेळगावला पलटणीत हजर व्हायचं होतं. नाही झाला तर फरारी, मग नोकरीवर पाणीच सोडायचं.

वकील म्हणाले, "जामीनदार आणा. स्वतःच्या नावावर जमीन असलेला. कोर्ट उठायच्या आत."

वडिलांचा चेहरा पडला. ऊस होता, विहीर होती, पण सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर. नावं वेगळी केली की घर फुटतं, असं आमच्याकडे सगळे समजत. सोबत आलेल्या पाव्हण्यांना विचारलं, तर एकाला नेमकं तेव्हाच लग्नाला जायचं आठवलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून तासगावजवळचा माहेरचा मळा तिच्या एकटीच्या नावावर होता. तो घरच्या सामायिक जमिनीत घाला म्हणून काका तिच्याशी कडाकडा भांडला होता आणि तेव्हापासून वहिनीशी बोलत नव्हता. वडीलही त्याच्याच बाजूचे. आता त्यांना तो मळा आठवला होता, हे दिसत होतं, पण ते पुन्हा पाव्हण्यांकडेच वळले. मला त्यांचा भयंकर राग आला. समोर शिपाई खिडक्या लावायला लागला होता.

शेवटी ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुज्या मळ्याचा उतारा... आता तलाठ्याकडं जायला येळ बी न्हाई गं."

आईनं पिशवीतून कागद काढला. "पोलिसांनी भावजींना नेलं, तवाच आणलाय. तुमी इचारायची वाट बघत हुते."

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "बाई, तो तारखेला आला नाही, तर रक्कम तुमच्या जमिनीतून वसूल होईल. समजतंय?"

"व्हय." तिनं अंगठा उमटवला.

हुकूम तुरुंगात पोचला आणि दिवेलागणीला काका बाहेर आला. कुणी काही बोलायच्या आत तो आईच्या पाया पडायला वाकला. आई मागं सरली.

"पाया पडू नगा, भावजी. तारखेला या. मळा माज्या बापाचा हाय."