खंडेनवमीला आलेला मेसेज

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. 'आपोआप झालं हो' म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने काहीतरी दाबलेलं असतं, हे मला पाठ आहे. त्यामुळे हे लिहायला जरा लाजच वाटतेय... पण लिहितो.

मी भिवंडीत राहतो. माझे बळीराममामा अंजूरला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहेत. तिथल्या कोल्ड रूममध्ये कुणी अडकलंच तर दाबायला आत एक बटण आहे. ते दाबलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम भोंगा वाजवतो आणि मला नि मामांना मेसेज पाठवतो — 'आत माणूस आहे'. प्रोग्राम मीच बसवला. पण तिथली मंडळी अशी, की स्क्रीनवर अनोळखी खिडकी दिसली की आधी फुली मारणार. सांगून सांगून घसा बसला माझा. शेवटी मी तो लपवूनच टाकला. विंडोज सुरू झालं की बॅकग्राउंडला गुपचूप चालू होणार, ना खिडकी, ना खाली आयकॉन. दिसतच नाही तर बंद काय करणार?

खंडेनवमीला सकाळी मामांचा फोन आला. "तुजा कॉम्प्युटर पन पुजला रे. पिन काढून ठेवली, हार घातलाय. आज त्याला पन सुट्टी."

पूजेच्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. कोल्ड रूम तेवढी चालू, आत माल होता म्हणून. कॉम्प्युटरबरोबर ते बटणही झोपलं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी जेवायला बसणार तोच मेसेज आला. 'आत माणूस आहे'.

आधी रागच आला. पूजा मोडून कॉम्प्युटर लावला कोणी? मामांना फोन केला. रिंग जात राहिली. पुन्हा केला... पुन्हा तेच. मी वॉचमन शकीलभाईंना लावला. मागे आरती जोरात चालली होती.

"मामा का फोन तो पूजा में रखा है, भाई. मामा? अभी तो इधरीच थे."

"कोल्ड रूम खोलो शकीलभाई. पहले खोलो, बात बाद में."

फोन चालूच होता. धावण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग शकीलभाईंचा धाप लागलेला आवाज — "मिल गए. साँस चल रही है."

मामा आतल्या पंख्याला फूल वाहायला गेले होते. दार मागून लागलं आणि आतली कडी बर्फाने जाम झालेली.

त्यांना दवाखान्यात दाखल केल्यावर मी अंजूरला गेलो. कॉम्प्युटरची पिन काढलेली, वायर गुंडाळलेली, झेंडूचा हार जागचा हललेला नाही. नंतर चालू करून पाहिलं. आदल्या संध्याकाळपासून तो बंदच होता. जुना मेसेज उशिरा पोहोचला म्हणावं, तर बसवतानाची चाचणी सोडली तर ते बटण कुणी दाबलंच नव्हतं.

"तुम्ही तरी दाबलंत ना?" मी मामांना विचारलं.

"न्हाय रे. दारापाशीच पडलो, हात उचलंना." मग म्हणाले, "पन दार कोनतरी ठोकत व्हता. भायेरून न्हाय... माज्या बाजूनं."

पुढे दिवाळी झाल्यावर एकदा भरदुपारी पुन्हा मेसेज आला. मी अंजूरच्या ऑफिसातच होतो आणि मामा माझ्या शेजारी चहा पीत होते. भोंगा वाजत होता. आम्ही धावत जाऊन दार उघडलं. आत खोक्यांशिवाय कोणी नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकून दार लावायला गेलो, तर मामांनी माझा हात धरला.

"थांब." दार सताड उघडून ते बाजूला सरकले, कुणाला वाट द्यावी तसे. आणि हळूच म्हणाले, "ये बाबा, भायेर ये. त्या दिशी मलाच काढला, तुला इसरलो."

दार किती वेळ उघडं होतं ते आठवत नाही. मामांनी मान हलवली, तेव्हाच मी ते लावलं.