नातीच्या खात्यातलं माझं वय

नात दोन दिवस ताट पुढे सरकवून उठली, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या पोटात काहीतरी दडलं आहे. तिच्या वयात मीही असंच ताट सरकवलं होतं, तेही एका फोटोपायी.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्यात तेव्हा फोटोवाला यायचा. पुठ्ठ्याच्या विमानात बसून मी फोटो काढला, मागे नावगाव लिहिलं आणि मंडईच्या रात्रीच्या नाटकात राजा झालेल्या माणसाला मैत्रिणीच्या हातून पाठवला. सकाळच्या उन्हात तोच राजा टपरीवर दिसला, पायात रबरी चप्पल, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. मग महिनाभर घास उतरेना. हा माणूस फोटो घेऊन बाबांपुढे उभा राहिला तर? तो काही आला नाही. पण मी शहाणी, कोणाला एक शब्द बोलले नाही.

धानाच्या बांधीत लाखोळीची भाजी खुडताना मी नातीला विचारलं, "काहून जेवत नाहीस वो?"

"भूक नाही."

"माही भूकही एकदा अशीच गेली होती. विमानात बसून."

विमानाची गोष्ट ऐकून ती आधी हसली, मग रडली. यंदाच्या मंडईतला तिच्या नाचाचा व्हिडिओ तिनं फोनवरच्या आपल्या खात्यात टाकला होता. कोण्या अनोळखी माणसानं आधी वाहवा केली, मग मैत्रिणींचे नंबर मागितले. ही नाही म्हणाली, तर "तुझ्या बापाला सगळं सांगतो" म्हणून धमकी. तिचा बाप म्हणजे माझा मुलगा. त्याला कळलं तर फोन जाईल आणि तुमसरची शाळाही सुटेल, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं.

"पण लहान पोरांच्या खात्यात परक्याचा मेसेज येत नाही, असं तुमच्या मॅडम सभेत सांगून राहिल्या होत्या ना?"

ती भाजीकडे बघत म्हणाली, "आजी, खात्यात माहं वय नाही. तुहं हाये."

मागे तिनं माझं आधार कार्ड मागितलं, तेव्हा शाळेचं काही असेल म्हणून मीच हौसेनं काढून दिलं होतं. त्यावरची तारीखही मला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. म्हणजे खात्यात नाचत होती ती अडुसष्ट वर्षांची म्हातारी, आणि म्हातारीला कसली राखण? दार सताड उघडं.

संध्याकाळी मुलगा मळणीवरून आला. त्याला म्हटलं, "बस. आधी माहा गुन्हा ऐक." विमान सांगून झालं, मग नातीनं तिचं सांगितलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून बाजूला ठेवला.

"एवढे दिवस एकटीच भेत राहिलीस?" तो तिला म्हणाला. "मले काहून नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत शाळेत गेला. मॅडमनी त्या मेसेजचे फोटो जपून ठेवायला लावले, सायबर पोलिसांकडे तक्रार करवली, त्या माणसाला फोनवर ब्लॉक केलं. माझ्या वयाचं खातं मिटलं. नवं उघडलं ते नातीच्या खऱ्या वयाचं. त्यात परक्याला शिरताच येत नाही म्हणे. त्या माणसाचा पुन्हा काही पत्ता नाही. शाळा सुरूच आहे.

त्या दिवशी जेवताना नातीनं दुसऱ्यांदा भात मागितला. तो वाढताना मुलगा हळूच म्हणाला, "माय, राजाले तुहा फोटो आवडला नाही वाटते."

"आवडला असता तं तू कोठून आला असतास? जेव मुकाट्यानं."