सातचा आकडा

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधून रोज साठ डबे जातात. मी स्वयंपाक करते, नवरा पोहोचवतो. तीन वर्षं माझी कंबर दुखत होती आणि तीन वर्षं रिपोर्ट नॉर्मल येत होते. "रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे काही नाही," असं नवरा म्हणायचा, तेही मायेने, आणि मला त्या मायेचा भयंकर राग यायचा.

आमचा डबा खाणारी एक मुलगी आहे, इथेच वाढलेली, मराठी. तिच्या लॅबमध्ये जुन्या दुखण्यांवर संशोधन चालतं, मेंदूचं स्कॅनिंग करून. तिने विचारलं, येता का? मी लगेच हो म्हटलं. दुखण्याचा फोटोच काढून आणायचा आणि नवऱ्यापुढे आपटायचा, हा माझा बेत.

स्कॅनरच्या बोगद्यात मला आडवं केलं. पोटरीवर एक पट्टी बांधली. ती तापायची, मग पडद्यावर शून्य ते दहा आकडे यायचे आणि किती दुखलं ते मी बटणाने सांगायचं. पहिला चटका चांगलाच बसला. मी एक दिला. दुसऱ्यालाही एकच. लोकांच्या घरी आमटी खारट झाली तरी "छान झालीय" म्हणणारी मी. पोरीने एवढ्या हौसेने बोलावलं, तिच्या पट्टीला नावं कशी ठेवणार?

मशीन थांबलं. कानात तिचा आवाज आला. "काकू, पाय उडतोय तुमचा, आणि रेटिंग एक?"

"अगं, चालतंय. सहन होतं."

"सहन होतं का, ते नाही विचारलं. लिसन काकू, दुखण्याचा डायरेक्ट फोटो येत नाही. मेंदूत अगदी आत, खोल काय चाललंय तेवढं दिसतं. त्यातलं दुखण्याचं काय, ते तुमच्या नंबरशी जुळवूनच कळतं. नंबर खोटा, तर आमचा डेटा खलास."

फोटो येत नाही म्हटल्यावर मी आधी खट्टू झाले. मग बाकीचं डोक्यात शिरलं. एवढं अवाढव्य मशीन, आणि ते माझ्या शब्दावाचून अडलं होतं! डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं आणि मला हसूही येत होतं.

"यल्ला, चल, कर परत सुरू," मी म्हटलं. पुढच्या चटक्याला मी सात दिले.

घरी आले तेव्हा नवरा डबे पुसत होता. "मिळाला का रिपोर्ट?"

"रिपोर्ट मी सांगते. कंबर आत्ता सात आहे, दहापैकी. रोज संध्याकाळी सातच असते. मीच आपली 'बरंय' म्हणत आले."

"अगं, मग बोलायचं नाही का?" म्हणत त्याने खुर्ची ओढून दिली. रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळायची होती, ती त्यानेच घेतली, आणि पाणी इतकं ओतलं की ती कोपरापर्यंत चिकटली.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

मी खुर्चीत आरामात मागे टेकले. "दोन."