दादानं निवडलेलं इंजिन

माझा भाऊ गाडीतच जाणार, अशी भीती मला कायम वाटायची.

तो गाडीत गेला नाही.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. म्हणून लिहायला बसलेय.

सुनीलदादा. खुटबावचा. सणसवाडीला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. घरी आठशे सीसीची जुनी छोटी गाडी, आबांनी सेकंडहँड घेतलेली. आबा म्हणजे आमचे वडील.

एक दिवस तिचं इंजिन बसलं. नुसता धूर.

मी तेव्हा शिरूरला, सासरी. सातवा महिना चालू. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं आणि दादाचा हट्ट, बहिणीला आणायचं तर आपल्याच गाडीतून.

भंगारच्या यार्डातून त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"रूपे, दोन इंजिनं हायेत. एक आपल्यासारखंच, आठशेवालं. आन् हे दुसरं बघ. तेराशे सीसी, इंजेक्शनवालं. अ‍ॅक्सिडेंटच्या गाडीतलं हाय, पण इंजिनाला ओरखडाबी न्हाई."

"दादा, आपल्यासारखंच टाक."

"अगं, चार माणसं बसली की चढाला रडती आपली गाडी. हे टाकलं की विमान हुईल!"

"मला विमान नकोय. मला घरी यायचंय."

तो हसला. मला हसू आलं नाही. ज्या गाडीतून ते इंजिन काढलं होतं, ती मागे दिसत होती. पुढची काच नव्हती तिला.

त्यानं तेराशेवालंच टाकलं.

इंजिन बसायचं फाउंडेशन कापलं, नवी वेल्डिंग केली, वायरी आत घ्यायला डॅशबोर्डमागं भोक पाडलं. वहिनी फोनवर सांगायची, "रविवार आला की बॉनेटखालीच असत्यात. जेवायला हाका मारून मारून दमले मी."

मग तो मला न्यायला आला. दुपारचं ऊन. मी पुढं बसले. गाडी खरंच पळत होती. न्हावरा कधी मागं पडलं कळलं नाही. मी एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातानं दार.

"दादा, हळू."
"हळूच हाय की."

पारगावच्या पुलावर पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. दादानं वेग कमी केला.

तेवढ्यात वास आला.

"दादा, पेट्रोलचा वास येतोय."
"जुनी गाडी हाय, येनारच."

बॉनेटच्या फटीतून धूर निघायला लागला होता.

त्यानं गाडी डावीकडे घेतली, चावी बंद केली, उडी मारून उतरला. मी दार उघडायला गेले.

दार उघडेना.

गाडी कठड्याला इतकी खेटून थांबली होती की बोटभर फट पडायची आणि दार कठड्यावर आपटायचं. खाली नदी. पायाशी, त्या वायरींच्या भोकातून, जाळ आत आला.

मी किंचाळले का, आठवत नाही. दादाचा चेहरा आठवतो. त्याच्या दारातून तो अर्धा आत आला.

"रूपे, माझ्याकडं बघ. खाली बघू नगं. माझ्याकडं बघ."

मधे गिअरचा दांडा, माझं एवढं पोट. त्यानं उजवा हात जाळाच्या आणि माझ्या पायांच्या मधे घातला, आणि डाव्या हातानं मला ओढलं. तो उजवा हात त्यानं मी पूर्ण बाहेर येईपर्यंत काढला नाही.

ट्रॅक्टरवाले मामा भिजवलेलं गोणपाट घेऊन पळत आले. "बॉनेट उघडू नका! वारं लागलं की भडकंल!" म्हणत त्यांनी आणि मागच्या लोकांनी जाळ दाबला.

मी रस्त्यावर बसलेले. पोटात काहीच हालत नव्हतं.

कुणाच्या तरी जीपनं केडगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई मशीन फिरवत होत्या आणि बोलत नव्हत्या. तेवढी भीती मला जाळातही वाटली नव्हती.

मग ठोके ऐकू आले. धडधड, धडधड. घोडा पळावा तसे.

दादा बाहेर भिंतीला टेकून रडत होता. हात भाजलेला, सोललेला, तसाच. नर्स पट्टीसाठी बोलवत होती, तर म्हणाला, "आधी तिचं सांगा."

नंतर कळलं. इंजेक्शनच्या इंजिनाला पेट्रोल दाबानं येतं. दादानं जुनाच रबरी पाईप ठेवला होता. तो फाटला.

हात बरा झाल्यावर त्यानं सगळं उचकटलं आणि आठशेवालं इंजिन आणलं. पाईप नवा, वायरी नव्या, आरसीवर इंजिन नंबरही चढवून घेतला. मला विचारलं नाही. फक्त फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ल्हान हाय. घरी पोचवील."

पुढची सहा वर्षं तो ती गाडी बैलगाडीसारखी चालवायचा. माझी लेक ओवी मागं बसून ओरडायची, "मामा, फास्ट!" मामा ऐकायचा नाही.

तरी तो निघाला की माझा जीव टांगलेला असायचा.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

"रूपाताई, हे उठंनात वो."

माझ्या तोंडून पहिलं निघालं, "गाडीत होता का?"

"न्हाई वो. ओट्यावर बसले हुते. चहा तसाच हाय."

हार्ट. दौंडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

एवढी वर्षं मी रस्त्याकडं डोळे लावून बसले होते. मरण ओट्यावर आलं. आता कशाला भ्यायचं, तेच कळत नाही, म्हणून सगळ्यालाच भिते. नवरा दुपारी जरा जास्त झोपला तरी जाऊन श्वास बघते.

वहिनी गाडी शिकली. आबांना दौंडला तपासणीला तीच नेते. ती निघाली की मी फोन करत राहते.

परवा म्हणाली, "ताई, पोचले मी. आता तुमी पानी प्या."

दादा, तू हात घातलास म्हणून ओवी आहे. तिला सगळं सांगितलंय. ती आज तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती.

तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

तुझी रूपी