यास्नाने माणसं मागितली

यास्नाला मागता येत नाही, ही माझी जुनी काळजी. मुलगी चौतीस वर्षांची झाली तरी ती डोक्यातून जात नाही. शाळेत एकदा पेन्सिल हरवली, तर शेजारणीकडे मागायचं सोडून ही दिवसभर नुसती ऐकत बसली. बाईंनी मला बोलावून घेतलं. यास्ना म्हणाली, "सगळं लक्षात राहिलंय ना, मग झालं की!"

पुएर्तो मोंत शहरात एका खोलीत राहून तिने अंतराळातल्या लढाईचा गेम बनवला. दिवसा सॅमन माशांच्या कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी हे काम. चित्रं, आवाज, गोळीबार, सगळं एकटीचं. सहा वर्षं लागली.

मार्चमध्ये गेम विक्रीला आला, तेव्हा ती आमच्या बेटावर, आचाओला, घरी आली आणि तिने तो आधी वडिलांच्या हातात दिला. माझा नवरा बेलार्मीनो तीस वर्षं बेटांमधून मालाची लाँच चालवतो. गेममध्ये त्याने इंजिन बंद केलं, तरी जहाज पुढे सरकत राहिलं. वळायचं तर नाक आधीच फिरवावं लागत होतं. डावीकडून शत्रू आला तो दिसण्याआधी कानाला कळला. बेलार्मीनोने पहिल्याच फेरीत जहाज धक्क्याला लावलं.

"ही तर माझीच लाँच!" तो ओरडला. "फक्त खाली पाणी नाही."

दोन तासांनी त्याने चष्मा काढला. "पोरी, एक सांग. दर वेळी तेच मालवाहू जहाज सांभाळून घरी आणायचं? मी हेच करतो, पण मला पगार मिळतो."

यास्ना हसली, पण तिचा चेहरा पडला. कारण खेळणारेही हेच लिहीत होते. सुरुवातीला कोणी काही शिकवत नाही, नवा माणूस दहा मिनिटांत आपटतो. गेममधले सोबतीचे वैमानिक सरळ अंतराळातल्या दगडांवर जाऊन फुटतात. खेळ जतन करायला गेलं की सगळंच बंद पडतं. अंतोफगास्ताच्या फाब्रिसिओ नावाच्या माणसाने लिहिलं होतं, "इतकं सुंदर उडणारं जहाज मी दुसरीकडे चालवलेलं नाही. पण त्यात बसून जायचं कुठे? मोहिमा मी रचून देऊ का? फुकट." तिने उत्तर दिलं नाही. आणखीही काही जणांनी मदत देऊ केली होती. त्यांनाही नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती पुन्हा घरी आली. वजन उतरलेलं, डोळे लाल.

"सोमवारी गेम काढून टाकतेय," ती म्हणाली. "लोकांनी पैसे देऊन घेतलाय. आता त्यांनाच कामाला जुंपू?"

"काढून टाक," मी म्हटलं. "नोकरी आहे ना हातात." मला फक्त ती रात्रभर झोपलेली बघायची होती.

बेलार्मीनोने चहाचा कप आपटला. "आपलं अख्खं लाकडी घर किनाऱ्यावरून टेकडीवर कोणी नेलं गं? मी आणि तुझ्या आईने ओढत नेलं?"

"बैलांनी, बाबा."

"बैल कोणाचे? सतरा दारं वाजवली मी. शेवटचं दार रेमिहिओचं. कुंपणावरून चार वर्षं बोलत नव्हतो त्याच्याशी. तोही जोडी घेऊन आला! मागणाऱ्याने स्वतः जायचं, नाव घेऊन मागायचं आणि आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही. गावाने मिळून एकाचं काम उपसायचं, ती मिंगा आपल्याकडे अशीच होते."

"हे लोक बैल आणणार आहेत का?"

"काय आणतात ते बघ तरी! कामाला आलेला माणूस म्हणजे गिऱ्हाईक नव्हे."

ती रविवारच्या बसने गेली. सोमवारी मी पाच वेळा पाहिलं, गेम विक्रीच्या यादीत होता. मंगळवारी होता. आठवडाभर रोज पाहत राहिले, पण फोन करायचं धाडस झालं नाही.

आज जेवताना बेलार्मीनोने आपला मोबाइल माझ्यापुढे सरकवला. यास्नाने त्याला सगळं पाठवलं होतं. त्रेचाळीस जणांना तिने वेगवेगळी पत्रं लिहिली होती. प्रत्येकाचं नाव, त्याने काढलेली खोट आणि खाली, "हे तुम्ही कराल का? मला एकटीला जमलं नाही." एकतीस जण हो म्हणाले. मोहिमा फाब्रिसिओकडे. नवशिक्यांचा धडा काली शहरातल्या एका शाळामास्तरांकडे. दगडांवर आपटणारे वैमानिक दोघा भावांनी वाटून घेतले. उडणं मात्र तिने स्वतःकडे ठेवलंय, त्याला कोणी हात लावायचा नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, फक्त "जमलं नाही" एवढंच.

त्यातले पाच जण शनिवारी आचाओला येताहेत. जे लांब आहेत त्यांच्या नावाचं एकेक जहाज गेममध्ये असेल, पण या पाचांना जेवू घालायला हवं. म्हणून यास्नाने वडिलांकडे आमचं स्वयंपाकघर मागितलंय. मला काही विचारलेलं नाही. कसं विचारेल? काढून टाक म्हणणारी मीच.

बेलार्मीनो कधीचा झोपला आहे. यास्ना जागी असणार, फाब्रिसिओबरोबर काहीतरी जोडत बसली असेल. मीच तिला फोन करते. माझं चुकलं म्हणते, आणि शनिवारी मला तुझ्या कामाला घे म्हणून मागते. आठ जणांच्या मिल्काओसाठी, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्यांसाठी, बटाटे काही आजच किसायचे नाहीत, पण किती किसायचे ते तिच्याकडूनच ऐकायचं आहे.