धुळ्याचं मशीन चालू होतं

लग्नानंतर पहिली तीन वर्षं मी जळगावला आणि बायको धुळ्याला, अशी गेली. दोघंही एकाच कंपनीत होतो. सरकीचं तेल काढणारी कंपनी, मुख्य कचेरी जळगावात, शाखा धुळ्याला. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. कंपनीने गावोगावच्या शाखांतले संगणक टेलिफोनच्या लाइनवरून एकमेकांना जोडले होते, आणि ते नीट चालले आहेत की नाही हे जळगावात बसून कळावं, ही जबाबदारी माझ्यावर आली होती.

काम ऐकायला सोपं होतं. जळगावच्या मशीनने दर पाच मिनिटांनी बाकीच्या मशीनांना प्रश्न विचारायचे. पण काय काय विचारता येईल आणि उत्तर आकड्यात येईल की अक्षरात, हे आधी ठरवून लिहावं लागे. या यादीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आम्ही तिला झाड म्हणायचो, कारण ती फांद्याफांद्यांनी मांडलेली असते आणि प्रत्येक पानाला क्रमांक असतो. बुंधा आणि मोठ्या फांद्या जगभर सारख्या. त्यातली एक फांदी आमच्या कंपनीची, आणि तिला कोणती पानं लावायची ते मी ठरवणार होतो.

लाइन इतकी संथ होती की जास्त प्रश्न विचारले तर शाखेचं खरं काम अडायचं. म्हणून एकेका पानासाठी मी दिवस दिवस घोळ घालायचो. बॅटरी किती उरली आहे हे पान बायकोने सुचवलं. धुळ्यात दुपारी लाइट गेली की बॅटरीवर मशीन किती वेळ तग धरेल याचा अंदाज तिलाच यायचा नाही. ते पान मी सगळ्यात आधी लिहिलं.

एक पान मात्र मला तयारच मिळालं होतं. मशीन चालू होऊन किती वेळ झाला, हे ते सांगायचं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. धुळ्याचं मशीन रोज सकाळी ती चालू करायची. पावणेदहाच्या सुमारास माझ्या पडद्यावर धुळ्यासमोरचा आकडा शून्यापासून वाढायला लागला की मला बरं वाटायचं. ती पोचली, पर्स खुर्चीला अडकवली, पंखा लावला असेल, असं मी मनात धरायचो. तिच्या खोलीवर फोन नव्हता. शाखेतला फोन साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. शनिवारी संध्याकाळी एस.टी.ने एरंडोल-पारोळ्यावरून मी धुळ्याला जायचो आणि सोमवारच्या पहिल्या गाडीने परतायचो. मधले दिवस त्या आकड्यावर निघायचे.

तिला दिवस गेले तेव्हा मी तिला रजा घे म्हणालो. ती म्हणाली, तिसरा महिना सरू दे, मग बघू.

तिसरा महिना सरत आला होता, त्या आठवड्यात आकडा रोज वेळेवर सुरू झाला. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी. शनिवारी मी नेहमीच्या गाडीने गेलो. घरमालक नाना ओट्यावर बसले होते. मला बघून ते उठले, हे कधी व्हायचं नाही.

"ती आते बरी शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "पन तुम्ही इतला दिन कोठे व्हतात?"

ती आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मंगळवारी संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, नाना आणि त्यांची सून तिला दवाखान्यात घेऊन गेले. मूल राहिलं नव्हतं. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना तिने मशीन चालू करायला शिकवून ठेवलं होतं, त्या रोज ते करत होत्या. त्यांनी जळगावला दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा लागला नाही. मग हिनेच सांगितलं, राहू द्या, शनिवारी येतीलच.

मी खाटेच्या कडेला बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "मला वाटलं तू कचेरीत आहेस. मशीन चालू दिसत होतं."

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "चालूच होतं. तुम्ही त्याला तेवढंच विचारलं होतं."

त्यात राग नव्हता.

मी पंधरा दिवस तिथेच राहिलो, तिला मऊ भात करून घालायचो. जळगावला परतल्यावर तिथल्या साहेबांकडे धुळ्याची बदली मागितली. ते म्हणाले, झाड पुरं करा आणि मग जा. मी ते पुरं केलं. शाखेतल्या लोकांसाठी मराठीत एक पुस्तिकाही लिहिली, प्रत्येक पानाचा अर्थ सांगणारी. त्या तयार पानाखाली लिहिलं, 'मशीन किती वेळ चालू आहे ते यावरून कळते. मशीनपाशी कोण आहे ते कळत नाही.' दुसरं वाक्य साहेबांनी खोडलं. हे तर उघडच आहे, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

बदली आठ महिन्यांनी झाली. धुळ्यात आम्ही त्याच खोलीत नांदलो, एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसलो. संध्याकाळी पांझरा नदीच्या काठाने फिरायला जायचो. मूल मात्र पुढे झालं नाही. दवाखाने झाले, नवससायास तिच्या आईने केले, आणि मग आम्ही त्याबद्दल बोलणं सोडलं.

एकदा नदीकाठी चालता चालता ती सहज म्हणाली, की त्या तीन महिन्यांत तिने मुलीचं नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगीच होणार, अशी तिची खात्री होती. मी विचारलं, कोणतं? तिने ते सांगितलं आणि आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. ते नाव मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कोणा दुसऱ्याच्या मुलीला कोणी त्या नावाने हाक मारली की मी अजून वळून बघतो.