जास्वंदीच्या पंगतीला कोण बसणार

हैदराबादेत तारनाक्याला राहणाऱ्या त्रिवेणीबाईंनी फाटकाजवळ जास्वंद लावली त्याला दोन वर्षं झाली. झाड चांगलं अंगानं भरलं, पण त्यावर पुरतं उमललेलं फूल बाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. जास्वंद उमलते उन्हाबरोबर, आणि शेजारचे प्रतापराव उठतात उन्हाच्या आधी. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ अंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून बाईंच्या आवारात शिरत, आळ्यात उभे राहून फुगलेल्या कळ्या परडीत भरत आणि पसार होत. फाटकाची कडी कुरकुरू नये म्हणून तिला तेलसुद्धा त्यांनीच घातलं होतं. आता बोला!

बाईंनी एकदा हटकलं, तर सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "देवासाठी फूल घेतलं तर ती चोरी होत नाही, बाई. तुम्ही पूजा करत नाही, झाड वायाच जायचं. मी सोनं करतो त्याचं."

लोक हसले. बाईंनी चौतीस वर्षं हिमायतनगरच्या शाळेत गणित शिकवलेलं. वर्गात कोण हसलं होतं, ते त्यांना अजून आठवतं.

आषाढ लागताच त्यांनी नर्सरी गाठली. "जास्वंदीच्या सोबतीला काही द्या. बोचणारं."

नर्सरीवाला म्हातारा जुना हैदराबादी. "गुलाब ले जाओ अम्मा."

"काटे लहान. बोगनवेल?"

"वो नक्को! सारी धूप खा जाती. आपका झाड छाँव में मर जाता."

"मग खाजकुइली?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "वो तो झाड के गले पड़ती, अम्मा. दुश्मनी किससे है, झाड से या आदमी से?"

माणसाला छळायचं आणि झाडाला जपायचं, असा सोबती बाईंना हवा होता. म्हाताऱ्यानं मग साधी गोष्ट सांगितली. उन्हातल्या झाडाला उन्हातलेच सोबती द्यावेत, मुळं वरवरची असणारे. झेंडू लावा, नाहीतर कांदा लावा. कांद्याच्या वासानं माव्याची कीड जरा लांब राहते.

"कांदा," बाई म्हणाल्या आणि असं गोड हसल्या, की म्हातारा दोन पावलं मागे सरला.

कारण प्रतापरावांचा चातुर्मास! चार महिने त्यांच्या घरात कांद्याचं नाव काढायची चोरी. दारावर येणाऱ्या भाजीवाल्याच्या गाडीवर कांदे दिसले, तर ते गाडीसुद्धा पुढे ढकलायला लावत.

बाईंनी कोंब आलेले कांदे आणून जास्वंदीच्या बुडाशी दाटीनं लावले. बाहेरच्या कडेला झेंडू. त्याच्या उग्र वासात कांद्याचा वास लपावा म्हणून. दोघं झकास वाढले. प्रतापराव अंधारात येत, पात तुडवत, सोवळं पातीला घासत आणि तसेच जाऊन पूजेला बसत. खिडकीमागे बाई चहा पीत बसत. इतका चवदार चहा त्यांनी नोकरीत असताना कधी प्यायला नव्हता.

गणेशचतुर्थीला प्रतापरावांकडे गल्ली जमली. गणपतीला एकवीस जास्वंदींचा हार. आरती झाली, आणि बाईंनी पिशवीतून हिरवीगार पात काढून त्यांच्यापुढे धरली.

"प्रतापराव, तुम्ही रोज जास्वंदीखाली जिथं उभे राहता ना, तिथलीच ही पात. दोन महिने तुमच्या सोवळ्याला लागतेय. ओळख करून द्यावी म्हटलं."

मग सावित्रीबाईंनी नवऱ्याच्या सोवळ्याचा सोगा उचलून नाकाशी नेला.

"अगं बाई! मी म्हणतेय दोन महिने, वास कसला येतो! वर हेच मला विचारतात, चोरून कांदा खातेस का म्हणून!"

"बाई, हे... हे तुम्ही मुद्दाम केलंत!"

"छे हो. झाडाला मावा लागू नये म्हणून लावले. कीड तुमच्या वेळेला येते हा योगायोग."

या वेळी हसणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज सावित्रीबाईंचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी झाडासमोर खुर्ची टाकली. ऊन चढलं, पाकळ्या एकेक मागे वळल्या, आणि भलं थोरलं लाल फूल उघडलं. भिंतीपलीकडे प्रतापराव रिकामी परडी घेऊन उभेच होते.

"या ना, घ्या फूल," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "देवासाठी!"

प्रतापरावांनी तोंड फिरवलं. बाई वाकल्या, दोन मुठी पात उपटली आणि झुणका करायला आत गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी भिंतीकडेच उघडते. ती त्यांनी सताड उघडली.